हसरगुंडीच्या चार हाळ्या

हसरगुंडीला जाऊ नका, असं मी सांगणार नाही. पण जायचंच असेल तर घाईचं काम घेऊन जाऊ नका. मी घाईचंच काम घेऊन गेलो होतो. परत आलो तेव्हा आमच्या हेडमास्तरांनी पहिला प्रश्न विचारला तो हा की, तुमचा आवाज कशानं बसला? भांडून बसला होता.

लढाई संपली त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. मी जत भागातल्या एका लहान गावी, शाळेला जोडलेल्या बोर्डिंगात शिक्षक आहे. मूळचा मी रहिमतपूरकडचा. आमच्या घरात माझ्याआधी कोणी चार इयत्तांच्या पुढे गेलेलं नव्हतं. आताच्या आमच्या हेडमास्तरांनी मला असल्याच एका बोर्डिंगात ठेवून घेतलं, स्वतःच्या ताटातलं घातलं, म्हणून मी बी. ए. झालो. नाहीतर आज कोणाच्या तरी गुऱ्हाळावर चुलवणात चिपाडं सारत बसलो असतो. हे आधीच सांगतो, कारण विहिरीची भानगड माझ्या लेखी नुसती पाण्याची नव्हती.

बोर्डिंगची विहीर मुलांनी आणि आम्ही मास्तरांनी मिळून खणायला घेतली होती. माती संपली, मुरूम संपला आणि खाली काळा पाषाण लागला. टिकाव मारला की ठिणगी उडायची आणि टिकावच बोथट व्हायचा. तोवर पिण्याचं पाणी पाटलांच्या मळ्यातून गाडीनं यायचं. पाटील भला माणूस, पण त्याचीही विहीर तळाला चाललेली. त्यानं स्वच्छ सांगितलं, "मास्तर, पाडव्यापातूर देतो. फुडं माजीच जनावरं तडफडत्यात." पाडव्यानंतर परीक्षा. परीक्षेआधी बोर्डिंग मोडलं तर मुलं घरी जाणार, आणि इकडचं पोर एकदा घरी गेलं की दुसऱ्या दिवशी मेंढरांमागं असतं. पुढच्या जूनला त्याला शोधायला आपण कुठल्या माळावर जाणार?

मिरजेचा ठेकेदार म्हणाला, पावसाळा झाल्यावर बघू. सुरुंगाच्या दारूवर लढाईपासून निर्बंध होते आणि नवा परवाना वेळेत मिळण्याची आशा नव्हती. तेवढ्यात हेडमास्तरांना कोणी तरी सांगितलं की सरहद्दीवर हसरगुंडी म्हणून गाव आहे, तिथं जुनी खाण होती, सुरुंगवाल्यांच्या टोळ्या अजून आहेत आणि दारूचा परवाना थेट तिथल्या म्युनिसिपालटीच्या नावावर आहे. हेडमास्तर मला म्हणाले, "तुम्ही ग्रॅज्युएट आहात, तुमचं ऐकतील."

या वाक्यावर विश्वास ठेवून मी निघालो.

जत आणि त्यापुढे

जतपर्यंत मोटार होती. मोटार म्हणजे कोळशाच्या गॅसवर चालणारी. मागं लोखंडी पिंप, त्यात कोळसा, आणि क्लीनर त्याचा पंखा फिरवतोय. चढ आला की उतारूंनी उतरून ढकलायचं, हे तिकिटातच धरलेलं असावं, कारण ड्रायव्हरनं विनंतीसुद्धा केली नाही, नुसतं मागं वळून पाहिलं. मी नवं धोतर नेसलो होतो. म्युनिसिपालटीत जायचं म्हणून. जतला उतरलो तेव्हा ते धोतर कोळसेवाल्याचं वाटत होतं.

जतहून दक्षिणेला बैलगाडी. गाडीवान माझ्याशी मराठीत बोलायचा आणि बैलांशी कानडीत. मी कारण विचारलं.

"आवं, बैलं पलीकडची हायेत," तो म्हणाला. "मराठीत हाकलं तर हुबीच ऱ्हात्यात."

"शिकवायची मग."

"त्यास्नी कशाला शिकवू? मलाच दोन्ही येतंया."

वाटेवर दोन्ही बाजूंना उघडा माळ, मधूनच मेंढरांचा एखादा कळप, कापून गेलेल्या ज्वारीचे सड आणि वारा. आमच्याकडे कृष्णेच्या बाजूला फाल्गुनातही उसाचा हिरवा पट्टा दिसतो. इथं हिरवं म्हणून काही दिसलं ते एका धनगराच्या पोरीचं लुगडं.

सरहद्दीच्या नाक्यावर माझी पहिली अडवणूक झाली. मी पिशवीत आमच्या विहिरीतल्या खडकाचा एक तुकडा घेतला होता, टोळीला दाखवायला. नाकेदारानं तो हातात घेऊन उलटासुलटा केला.

"हे काय हो?"

"दगड."

"दगड आत कशाला आणता? आमच्यात कमी हाईत काय?"

मी कारण सांगितलं. तो म्हणाला, खाणीच्या काळापासून कायदा आहे, दगड बाहेर न्यायचा नाही आणि आत आणायचा नाही. बाहेर न्यायचा नाही हे मला समजलं. आत का आणायचा नाही, हे त्यालाही सांगता येईना, पण त्याला सांगता येत नव्हतं म्हणून तो सोडेना. शेवटी दगड नाक्यावर ठेवून मी गावात शिरलो. सबंध जिल्ह्यात दगडाची जप्ती झालेला मी एकटाच असेन.

हसरगुंडी

गाव लहान आणि रस्ते मोठे. कोण्या एका गोऱ्या कंपनीला इथल्या खडकात हिरवी रेघ दिसली. खाली तांबं असणार असं कंपनीनं ठरवलं आणि खोल खाण मारली. कोलारकडून तेलगू कामगार आणले, विजापूरकडून कानडी, इकडचे मराठे-धनगर, आणि सुरुंगाच्या कामाला मुसलमान. प्रत्येकाला वेगळी चाळ बांधून दिली. तिला इथं 'लैन' म्हणतात: मराठी लैन, कानडी लैन, तेलगू लैन, मुसलमान लैन. गाव भरभराटीला येणार म्हणून संस्थाननं आधीच म्युनिसिपालटी देऊन टाकली. हिरवा दगड शेवटपर्यंत हिरवा दगडच निघाला. तांबं मिळालं नाही, मात्र खाली पाण्याचा असा झरा लागला की खाण बुडाली. कंपनी गेली. गाव आता त्या खाणीचं पाणी मोट लावून पितं. म्हणजे कंपनीनं न मागता जे काढलं त्यावरच हे लोक जगतात.

रस्त्याच्या कडेला कंदिलाचे खांब आहेत, कंदील नाहीत. साहेबाच्या बंगल्यात शेळ्या बांधतात. म्युनिसिपालटीवर चार लिप्यांत पाटी आहे आणि चारीही सारख्याच उडालेल्या आहेत, यात मात्र पक्षपात झालेला नाही.

टोळीचा मुख्य हणमंता मराठी लैनीत राहतो. पन्नाशीचा, रुंद खांद्यांचा, बोलताना दर वाक्याला माझ्या पाठीवर थाप मारणारा. मी विहिरीची हकिगत सांगितली.

"काळा पाषाण व्हय? येतो की! त्यात काय! उद्याच निघू."

मला इतका आनंद झाला की मी त्याचा हात धरला. "खरंच उद्या?"

"उद्याच. हाळी झाली की निघालो."

"कसली हाळी?"

"ते म्युनिशिपालटीत सांगत्याल. तुमी आदी जेवा."

त्याच्या बायकोनं कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि हुलग्याचं माडगं वाढलं. माडगं इतकं चांगलं होतं की मी हाळीचं पुढे विचारलंच नाही.

दुपारी नगराध्यक्षांकडे गेलो. बसप्पाण्णा हे कानडी लैनीतले धान्याचे व्यापारी. लहानपणी खाणीच्या कोठीवर हरकाम्या होते. मऊ बोलणारे, पान खाणारे, आणि कुठल्याही गोष्टीला नाही न म्हणणारे. अशा माणसांचा मला आता धसका बसला आहे.

"काम चांगलं आहे तुमचं, मास्तर. पोरांचं काम. मी तर आत्ताच हो म्हटलो असतो बघा."

"मग म्हणा."

"मी म्हणून काय उपयोग हो? हाळी व्हायला पाहिजे की."

मग त्यांनी पद्धत सांगितली. या गावात म्युनिसिपालटीचा कुठलाही ठराव आधी चारी लैनींत, त्या त्या भाषेत ओरडून सांगायचा. प्रत्येक लैनीनं 'ऐकलं' म्हणून उलट उत्तर द्यायचं. चार उत्तरं आली की ठराव पक्का. एका लैनीतून जरी कोणी 'ऐकलं नाही' म्हटलं, तर ठराव तिथंच थांबतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून हाळी.

"आणि दुसऱ्या दिवशीही नाही म्हटलं तर?"

"तिसऱ्या दिवशी."

"अहो, अशानं तुमचं काही होतं तरी का?"

"होतंय की. सावकाश होतंय. घरपट्टी वाढवायची हाळी मात्र अजून कोणाला ऐकू गेलेली नाही," ते म्हणाले आणि स्वतःच हसले.

मला हसू आलं नाही. आमच्या रहिमतपूरला दवंडीवाला हलगी बडवत पेठेतून निघून जातो. ऐकलं त्यानं ऐकलं, बाकीचे दुसऱ्या दिवशी चावडीवर विचारतात. त्यामुळे रहिमतपूरचं काही अडलेलं नाही, हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी मान डोलवली आणि हाळीवाल्याला बोलावणं पाठवलं.

पहिली हाळी, दुसरी हाळी

हाळीवाला दस्तगीर म्हणून म्हातारा होता. त्याला चारी भाषा येतात. हातात रुळाचा तुकडा आणि लोखंडी सळई. मी त्याच्या मागून निघालो. मराठी लैनीच्या तोंडाशी त्यानं रुळावर ठोके दिले आणि ओरडला, "ऐका हो! सुरुंगाची दारू आन एक टोळी सरहद्दीबाहीर जाणार, शाळंच्या हिरीला!" ओट्यावरच्या एका आजोबांनी हात वर करून "ऐकलं!" म्हटलं. कानडी लैनीत "केळिदेवु!" आलं. मुसलमान लैनीत "सुन लिया!" आलं आणि वर चहाही आला. माझा राग उतरत होता.

तेलगू लैन शेवटची. दस्तगीर ओरडला. एक दार उघडलं आणि कृश, उंच, पांढऱ्या केसांची म्हातारी बाहेर आली. ती दस्तगीरपासून दोन हातांवर उभी राहिली, कानामागं हात धरून सगळं शेवटपर्यंत ऐकलं, मान हलवली आणि म्हणाली, "विनलेदु." दार लावून घेतलं.

"काय म्हणाली?"

"ऐक्या नै, बोली."

"अहो, ऐकत होती ती! मान हलवली तिनं!"

"मान हली, मास्टरसाब. पन जबान से नै बोली ना." दस्तगीरनं रूळ काखेत मारला. "चलो. कल."

तिचं नाव नरसम्मा. तेलगू लैनीचं उत्तर देण्याचा मान तिच्याकडे. बाकी घरांतली माणसं दारांतून बघत होती, पण तिला ओलांडून कोणी उत्तर देईना.

दुसऱ्या दिवशी मी स्वतःच पुढे झालो. दस्तगीरचं झाल्यावर मी तिच्या दारासमोर उभा राहून खणखणीत आवाजात सगळं पुन्हा मराठीत सांगितलं, मग हिंदीत, आणि बी. ए.च्या वर्गात मिळवलेलं इंग्रजीही थोडं वापरलं. रस्त्यावरची पोरं लोळून हसली. नरसम्मानं माझ्याकडे पायांपासून डोक्यापर्यंत पाहिलं. "विनलेदु."

हणमंता लैनीच्या कोपऱ्यावर पाठ भिंतीला टेकून बिडी ओढत बसला होता.

"गप ऱ्हावा, मास्तर. वरडून न्हाई होत ते."

"मग कशानं होतं?"

"ते तिला ठावं."

त्या दुपारी मी बसप्पाण्णांना चांगलंच सुनावलं. मी त्यांना नागरिकशास्त्र शिकवलं असं म्हणा. तीन लैनी एका बाजूला आणि एक म्हातारी एका बाजूला. जगात जिथं जिथं सभा आहेत तिथं मेजॉरिटी चालते. तीन ठिकाणी ऐकलं म्हणजे गावानं ऐकलं. एका बाईच्या हट्टापायी माझी मुलं पाण्यावाचून घरी जाणार, याला काय कारभार म्हणायचा?

त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं. पान थुंकून आले आणि बसले.

"त्या दिवशीसुद्धा मेजॉरिटीनं ऐकलं होतं, मास्तर."

मग त्यांनी सांगितलं. खाणीत सुरुंग पेटवण्याआधी इशारा द्यायचे, तो मराठीत, कानडीत आणि हिंदुस्थानीत. तेलगू टोळी नुकतीच कोलारहून आलेली. त्यांना कळेल की, एवढं काय, सगळे पळाले की तेही पळतील, असं वाटलं सगळ्यांना. ते खालच्या बोगद्यात होते, त्यांना पळणारे दिसलेच नाहीत. त्यात नरसम्माचा नवरा गेला. दुसऱ्या दिवशी चारी लैनींतला एकही माणूस खाणीत उतरला नाही. चार भाषांत हाळी आणि चार उत्तरं, हे साहेबानं कबूल केल्यावरच काम सुरू झालं. पुढे म्युनिसिपालटी आली तेव्हा सभासद हेच खाणवाले. कारभार कसा करायचा हे त्यांना एवढंच माहीत होतं.

"आणि घरपट्टी सोडली तर बाकीचा ठराव कसलाही असो, ती लगेच ऐकलं म्हणती बघा. सुरुंगाच्या दारूचं निघालं की मात्र असं करती."

मला वाईट वाटलं. पण खरं सांगायचं तर राग गेला नाही. माझ्या विहिरीत कोणाचा नवरा नव्हता. आणि पाडवा काही या गावासाठी थांबणार नव्हता.

नरसम्माच्या घरी

संध्याकाळी हणमंताला घेऊन मी तिच्या दारात गेलो. हात जोडले. तिनं पाट दिला आणि पुढ्यात भात ठेवला, त्यावर चिंचेचं पाणी. तिखटानं आणि आंबटानं माझ्या डोळ्यांतून धारा लागल्या. विनंती करायला आलेल्या माणसानं रडत जेवणं तिच्या लेखी योग्यच असावं. हणमंता शेजारी हसू दाबत जेवत होता.

माझं ताट संपल्यावर ती आमच्यासमोर बसली. तिचं मराठी तोडकं होतं, पण तिला अडचण येत नव्हती.

"हिरीच्या बाजूला कोण ऱ्हातं?"

"शाळा आहे. मुलं आहेत."

"आणिक?"

"आम्ही मास्तर."

"आणिक?"

"स्वयंपाकघर आहे. अगदी लागून."

"तिथं कोण?"

"सखूमावशी. स्वयंपाक करते."

"तिला हाळी ऐकू येती?"

सखूमावशी ठार बहिरी आहे. भांडं कानाशी आपटलं तरी तिला कळत नाही; मुलं तिला हातवारे करून भाकरी मागतात. हणमंतानं माझ्या गुडघ्याला गुडघा लावला आणि डोळ्यांनी खूण केली. ती खूण न समजण्याइतका मी भोळा नाही.

"नाही," मी म्हणालो. "तिला ऐकू येत नाही. काहीच."

हणमंतानं कपाळावर हात मारला.

"दोन दिस हाळी दिला," नरसम्मा म्हणाली. "हे कुणी बोललं नाही."

"तिला आम्ही लांब नेऊन बसवू."

"लांब बसवला तर उठून येती. चुलीवर काय हाय बगाया येती. बाई हाय ती."

"एखाद्या मोठ्या मुलाला तिच्यापाशी ठेवू."

"पोरगा सुरुंग बगाया पळतो."

खरंच होतं, पळालाच असता. मीही पळालो असतो. तिनं ताट उचललं, म्हणजे बोलणं संपलं.

बाहेर आल्यावर हणमंता रस्त्याच्या मधोमध थांबला. "मास्तर, तुमाला काय म्हनावं! 'येतं ऐकू' म्हनला असता तर काय झिजत हुतं?"

"खोटं कसं बोलणार?"

"खोटं कुटं? तिला दुपारच्याला म्हायेराला धाडली असती, झालं! आता बसा इतंच. लय शिकल्याला मानूस असाच वाया जातो गड्या."

मी त्याच्याशीही भांडलो. माझा आवाज बसला तो याच वेळी.

तिसऱ्या दिवसाची सकाळ

सकाळी सामान बांधूनच निघालो आणि तीन लैनींची उत्तरं घेऊन तेलगू लैनीत आलो. दस्तगीर रूळ वाजवणार एवढ्यात नरसम्मा दार उघडून बाहेर आली. तिच्या काखेत गाठोडं होतं.

"ती बहिरी हाय, ते हाळीत घाल," ती दस्तगीरला म्हणाली.

"घाल्या."

"तिचा हात कोण धरनार, ते पन घाल."

"कौन धरता, अम्मा?"

"मी."

दस्तगीरनं माझ्याकडे पाहिलं. आवाज नव्हताच, मी मान हलवली. त्यानं ठोके दिले आणि तेलगूत मोठ्यानं सगळं सांगितलं. त्यात 'सखूमावशी' हे नाव तेवढं मला समजलं. नरसम्मानं नेहमीसारखा कानामागं हात धरला, शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, "विन्नानु."

दारांतून माणसं बाहेर आली. कोणी तरी हसलं, कोणी तरी डोळ्यांना पदर लावला. मला वाटलं, सुटलो.

सुटलो कसला! बसप्पाण्णा म्हणाले, हाळीतला मजकूर बदलला, तेव्हा आता बाकीच्या तीन लैनींत नव्यानं हाळी द्यायला हवी. मी त्यांच्या गादीवर मटकन बसलो. कानडी लैन झाली, मुसलमान लैन झाली, आणि मराठी लैनीचे आजोबा तोवर भाचीच्या लग्नाला शेजारच्या गावी निघून गेलेले. त्यांच्या जागी कोणी उत्तर द्यायचं यावर मराठी लैनीत, म्हणजे माझ्याच भाषेच्या माणसांत, ऊन उतरेपर्यंत वाद चालला. शेवटी त्यांच्या सुनेनं वैतागून आतूनच ओरडून सांगितलं, "ऐकलं ऐकलं! जावा आता, माणसांस्नी झोपू द्या!" ते उत्तर धरावं की नाही यावरही दोघे बोलायला लागले होते, पण हणमंतानं बैल जुंपले.

परत

गाडीत हणमंता, त्याची टोळी (प्रत्येक लैनीतला एक, कारण तसाच नियम आहे), पहारी, घण, ओल्या पोत्यात गुंडाळलेली दारूची पेटी, आणि पेटीकडे पाठ करून बसलेली नरसम्मा. पेटीमुळे सबंध वाटेत बिडी ओढायची बंदी. त्यामुळे ते सुरुंगवाले बोर्डिंगपर्यंत एकमेकांशी चार भाषांत भांडत होते.

बोर्डिंगच्या अंगणात शिरलो. ओसरीवर मुलांच्या वळकट्या बांधून ओळीनं ठेवलेल्या होत्या. पाटलांची विहीर आम्ही समजलो होतो त्याच्याही आधी आटली होती. हेडमास्तरांनी मुलांना दुसऱ्या सकाळी घरी निघायला सांगितलं होतं. दोघांचे बाप न्यायला येऊन झाडाखाली बसलेही होते.

"एक दिवस थांबा," मी बसलेल्या आवाजात म्हटलं. हेडमास्तरांनी टोळीकडे पाहिलं, म्हातारीकडे पाहिलं आणि थांबले.

टोळीनं दिवसभर खडकात भोकं पाडली. चारी जणांनी आळीपाळीनं पहार धरली, घण घातला. सखूमावशीची आणि नरसम्माची गाठ मी घालून दिली. एकीला मराठी नीट येत नाही, दुसरीला कुठलीच भाषा ऐकू येत नाही. त्यामुळे ओळख करून द्यायला काही अडचण आली नाही. पण नरसम्मानं तिचं मनगट धरलं तेव्हा सखूमावशी माझ्यावर उखडली. "हिला भूक लागलीया का? मग सांगा की तसं! माझा हात का सोडंना ही?" सुरुंगाच्या वेळी तिला नरसम्मानं शाळेच्या मागच्या भिंतीआड नेऊन बसवलं. सखूमावशी मधेच उठली, आमटी बघायला निघाली आणि नरसम्मानं तिला ओढून पुन्हा खाली बसवलं. आपल्या इच्छेविरुद्ध खाली बसलेली सखूमावशी मी आजवर पाहिली नव्हती.

हणमंताच्या माणसांनी चार भाषांत हाळी दिली. त्यांतली तेलगू तर आमच्या माळावरच्या कोणालाही कळत नव्हती. तरी त्यांनी तीही दिली. मुलं सगळ्यांना एकदम ओरडून उत्तर देत होती. जमीन हादरली, काळा धूर वर आला आणि दगड खाली पडण्याचे आवाज येत राहिले.

धूर निवल्यावर हणमंता उतरला. खालून त्याचा आवाज आला, "वल हाय!"

ओल. पाणी नाही, ओल. झाडाखालचा एक बाप उठून आपल्या पोराची वळकटी घ्यायला चालू लागला. हेडमास्तर त्याच्या आड येऊन उभे राहिले. तो पुन्हा जाऊन बसला.

उजाडता उजाडता सगळी शाळा विहिरीच्या काठावर होती. खाली खडकाच्या फटीतून पाणी आलं होतं. गढूळ, दारूच्या वासाचं, पण हणमंताच्या पोटऱ्यांपर्यंत. पहिली बादली वर आली ती नरसम्मानं सखूमावशीपुढे ठेवली. सखूमावशीनं बोट बुडवून चाखलं आणि तोंड वाकडं केलं. "ह्याची आमटी कशी व्हायची?" ती म्हणाली, आणि बादली उचलून स्वयंपाकघरात घेऊन गेली.

हेडमास्तर ओसरीवर आले. "सोडा रे वळकट्या," ते म्हणाले.

मुलं अशी तुटून पडली की विचारू नका. सगळ्यांच्या वळकट्या एकाच काथ्यानं, एकाच पद्धतीनं बांधलेल्या. गाठी सोडवण्याच्या नादात सगळ्या घोंगड्या, चादरी, पुस्तकं, सदरे एका ढिगात गेले आणि कोणाचं काय हे कोणाला कळेना. दोघं जण एका घोंगडीवरून हातघाईवर आले. मी ओरडायला गेलो तर बसलेला आवाज कोणापर्यंत पोचेना. मग तिथंच ढिगात फतकल मारून बसलो आणि एकेक चादर वर धरून विचारत राहिलो, ही कुणाची, ही कुणाची. दुपारची आमटी झाली तरी माझं वाटप संपलेलं नव्हतं.